कोण कोणाला पाठवतो? मेथडिस्ट मंडळींच्या कारभाराची मुंबईतली गोष्ट

आमच्या राजोडीत फादर बदलून जाणार असले की गावाला ते बहुधा एखाद्या रविवारच्या मिस्सेनंतर कळते. बिशप हाउसमधून पत्र आलेले असते. मग निरोपाची तयारी होते, शाल-श्रीफळ होते, कोणी रडते, आणि पुढच्या आठवड्यात नव्या फादरांच्या स्वागताला तीच मंडळी तोच बँड घेऊन उभी राहते. कोणी बदलले, का बदलले, हे ओट्यावर दबक्या आवाजात बोलले जाते. मोठ्याने विचारण्याची आपल्याकडे रीत नाही.

विरार-चर्चगेट लोकलमध्ये तीस वर्षे उभ्याने प्रवास केला. त्या प्रवासातला माझा एक सोबती मेथडिस्ट. मूळचा विदर्भातला, वडील पाळक होते. एकदा मी त्याला आमच्या फादरांच्या बदलीची हकीकत सांगितली. तो हसला आणि म्हणाला, ‘‘आमच्या आईने आयुष्यात कपाट घेतलं नाही. पत्र्याच्या पेट्याच बऱ्या म्हणायची. दरवर्षी कॉन्फरन्सच्या शेवटच्या दिवशी बिशप नेमणुकांची यादी वाचायचे. वडिलांचं नाव येईपर्यंत आम्हाला आपलं पुढचं गाव ठाऊक नसायचं.’’

मी म्हटले, म्हणजे तुमचेही आमच्यासारखेच. त्यावर तो म्हणाला, ‘‘नाही. यादी वाचणारा बिशप आमच्याच लोकांनी मतं टाकून निवडलेला असतो.’’

हे मला नवीन होते. ज्याला आपण निवडून दिले त्याच्याच एका शब्दावर पेट्या उचलायच्या, हा काय प्रकार? मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून जुने अहवाल, आठवणी आणि चरित्रे वाचत गेलो एवढेच. त्या वाचनातून हाती आलेली गोष्ट इथे मांडतो. तिचा मोठा भाग मुंबईत घडला आहे, आणि मराठी वाचकांना तो फारसा परिचित नाही.

१

मे १७३९. चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगिजांनी वसईचा किल्ला खाली केला. आमच्या भागाचा सगळा इतिहास या तारखेच्या अलीकडचा आणि पलीकडचा असा मोजला जातो. त्याच मे महिन्यात इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्ली नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूने आपल्या अनुयायांना जमण्यासाठी एका इमारतीचा पाया घातला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण आमच्या गावांतल्या चर्चवरचे पोर्तुगीज राजाचे छत्र निघाले त्याच सुमारास, राजाच्या छत्राबाहेर लोक कसे संघटित करावेत याचा एक प्रयोग तिकडे सुरू झाला, हे मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

वेस्लीला नवा पंथ काढायचा नव्हता. तो मरेपर्यंत स्वतःला अँग्लिकन म्हणवत राहिला. चर्चची दारे त्याला बंद होऊ लागली तेव्हा तो माळावर उभा राहून खाणकामगारांपुढे बोलू लागला. ऐकायला हजारो येत. मात्र ऐकणारी गर्दी दुसऱ्या दिवशी विरून जाते, हे त्याने ओळखले होते.

त्यावरचा उपाय सापडला तो कर्जातून. ब्रिस्टलच्या इमारतीवर देणे होते. १७४२ मध्ये एका बैठकीत कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेही जड जाईल, असे कोणी म्हणाले. तेव्हा फॉय म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. बारा-बारा जणांचे गट पडले. त्यांना ‘क्लास’ म्हणत आणि त्यांच्या प्रमुखाला ‘क्लास लीडर’. आपल्याकडच्या भिशीसारखाच हा प्रकार. फरक एवढाच की पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्या लीडरला त्या घरातले दारूचे व्यसन, आजारपण, नवराबायकोचे भांडण सारे दिसू लागले. वेस्लीने हे हेरले आणि वसुलीच्या गटाला सांभाळाचा गट केले. दर तिमाहीला सभासदाला तिकीट मिळे. वागणूक बिघडली तर तिकीट नाही. विणकर, मोची, घरकाम करणाऱ्या बायका या गटांच्या प्रमुख होऊ लागल्या. मेथडिस्ट कारभाराची पहिली पायरी ही.

दुसरी पायरी म्हणजे फिरते उपदेशक. अनेक गावांची मिळून एक फेरी, ‘सर्किट’. त्या फेरीवर घोड्यावरून फिरणारा उपदेशक. एका जागी फार दिवस राहिलेला माणूस स्वतःही थकतो आणि ऐकणाऱ्यांनाही थकवतो, असे वेस्लीचे मत होते. कोणी कोणत्या फेरीवर जायचे, हे तो स्वतः ठरवी. १७४४ मध्ये त्याने आपल्या मोजक्या सहकाऱ्यांना लंडनमध्ये चर्चेला बोलावले. ती पहिली ‘कॉन्फरन्स’. १७८४ मध्ये त्याने कायदेशीर दस्त करून शंभर उपदेशकांची नावे लिहून ठेवली आणि आपल्यामागे सत्ता या परिषदेकडे जाईल अशी व्यवस्था केली. एका माणसाचा अधिकार त्याने एका सभेच्या हवाली केला.

इथे मराठीतल्या दोन शब्दांबद्दल बोलले पाहिजे. आम्ही वसईचे कॅथलिक ‘धर्मग्राम’ म्हणतो. त्यात गाव आहे, शीव आहे, जमीन आहे. नगरकडचे प्रोटेस्टंट ‘मंडळी’ म्हणतात. त्यात माणसे आहेत. मेथडिस्टांचा स्वतःचा जुना शब्द ‘कनेक्शन’ असा आहे. जोडणी. एकटी मंडळी म्हणजे पूर्ण चर्च नव्हे, आणि केवळ बिशप म्हणजेही नव्हे; चर्च आहे ते त्यांना जोडणाऱ्या दुव्यांत. माझ्या सोबत्याच्या आईच्या पेट्या या जोडणीतूनच फिरत होत्या.

२

त्याच १७८४ साली, नाताळात, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी तिथल्या उपदेशकांची सभा भरली आणि ‘मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ स्थापन झाले. वेस्लीने फ्रान्सिस ॲस्बरी याला प्रमुख नेमले होते. ॲस्बरीने नुसती नेमणूक घ्यायला नकार दिला. माझ्या सोबत्यांनी मत देऊन निवडले तरच हे पद घेईन, असे तो म्हणाला. सर्वांनी त्याला निवडले. पुढे तो बिशप म्हणवू लागला आणि नेमणुकांच्या बाबतीत त्याने कोणाचे फारसे ऐकले नाही. १७९२ मध्ये जेम्स ओकेली या उपदेशकाने ठराव आणला की बिशपने केलेली नेमणूक अन्यायाची वाटली तर परिषदेकडे दाद मागता यावी. ठराव फेटाळला गेला. ओकेली आपली माणसे घेऊन बाहेर पडला.

सोबत्याने सांगितलेल्या विसंगतीचे मूळ मला इथे सापडले. निवड खालून आणि नेमणूक वरून. ही विसंगती नजरचुकीने राहिलेली नाही. डोळे उघडे ठेवून पत्करलेली आहे. उपदेशकाला गाव निवडू दिले तर गरीब, आडबाजूच्या मंडळीकडे कोण जाईल, हा ॲस्बरीच्या बाजूचा युक्तिवाद. माणसाला दाद मागण्याचा हक्क नसेल तर निवडणुकीला अर्थ काय, हा ओकेलीचा. दोनशे वर्षे उलटली, तरी वाद मिटलेला नाही.

बिशप मोठा की परिषद, हा प्रश्न १८४४ मध्ये फार वेगळ्या रूपात पुढे आला. जेम्स अँड्र्यू या बिशपकडे गुलाम होते. गुलामगिरीविरोधी प्रतिनिधींनी ठराव केला की हा अडथळा दूर होईपर्यंत त्यांनी पदाचे काम थांबवावे. दक्षिणेकडचे म्हणाले, सर्वसाधारण परिषदेला बिशपवर असा अधिकारच नाही. उत्तरेकडचे म्हणाले, बिशप हा परिषदेचा अधिकारी आहे. जिने नेमले तिला थांबवताही येते. चर्च दुभंगले. कारभाराचे कलम आणि माणसाची गुलामगिरी एकाच कागदावर आली होती. नियमावलीचे वाचन कंटाळवाणे वाटते खरे, पण नियमांच्या आडून माणसे काय वाचवू पाहतात हे एकदा दिसले की कंटाळा पळतो.

ब्रिटनमध्ये मात्र मेथडिस्टांनी बिशप ठेवलेच नाहीत. तिथे परिषद दरवर्षी अध्यक्ष निवडते आणि वर्ष संपले की तो खुर्ची सोडतो. म्हणजे भारतात मेथडिस्ट आले ते दोन घरांतून : ब्रिटिश, बिनबिशपचे, आणि अमेरिकन, बिशपवाले. मुंबईची गोष्ट या दुसऱ्या घराची आहे.

३

अमेरिकन मेथडिस्टांचे विल्यम बटलर १८५६ मध्ये भारतात आले आणि बरेलीला राहिले. पुढच्याच वर्षी उठाव झाला आणि त्यांना नैनितालला पळावे लागले. नंतर काम वाढले, १८६४ मध्ये लखनौला भारताची पहिली वार्षिक परिषद भरली. पण त्यांचे क्षेत्र गंगेपलीकडचे, अवध-रोहिलखंडचे. मुंबई इलाख्यात अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून होते, आणि एका मिशनने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये असा संकेत होता.

तो मोडला विल्यम टेलर यांनी. सोन्याच्या शोधात आलेल्या खाणकऱ्यांपुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर उपदेश करून हा माणूस घडला होता. १८७१ च्या अखेरीस ते मुंबईत सभा घेऊ लागले. सुरुवातीला दुभाष्याच्या मदतीने मराठी श्रोत्यांपुढे बोलले, मग इंग्रजी जाणणाऱ्यांकडे वळले : रेल्वेतले लोक, कारकून, अँग्लो-इंडियन कुटुंबे. सभेत पालटलेल्या लोकांचे त्यांनी ‘फेलोशिप बँड’ केले. दर आठवड्याला कोणाच्या तरी घरी जमायचे, प्रत्येक गटाला एक प्रमुख. ब्रिस्टलचा क्लास एकशे तीस वर्षांनी मुंबईच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला.

त्यानंतर जे घडले ते मला या सगळ्या इतिहासात विशेष वाटते. या गटांतल्या लोकांनीच टेलरना लेखी विनंती केली की आम्हाला मेथडिस्ट चर्च म्हणून संघटित करा. १८७२ च्या आरंभी ते झाले. आधी घरातले गट, मग मंडळी, आणि वरच्यांची मान्यता शेवटी. १८७३-७४ च्या हिवाळ्यात बिशप हॅरिस आले, त्यांनी या कामाला अधिकृत स्वरूप दिले आणि टेलरना प्रमुख केले. योगायोग असा की १८७२ मध्येच अमेरिकेतल्या सर्वसाधारण परिषदेत प्रापंचिक प्रतिनिधींना पहिल्यांदा जागा मिळाली. तोवर तिथे फक्त उपदेशक बसत. स्त्रियांना त्यासाठी आणखी बत्तीस वर्षे थांबावे लागले.

टेलर यांचा दुसरा आग्रह पैशाबद्दल होता. मिशनरी सोसायटीकडून पगार घ्यायचा नाही. ज्या मंडळीची सेवा करायची तिनेच पाळकाला पोसायचे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे त्यांना पक्के ठाऊक असावे. पैसा न्यूयॉर्कहून आला तर हुकूमही तिथूनच येणार.

याच सुमारास त्यांना जॉर्ज बोवेन येऊन मिळाले. बोवेन हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून जानेवारी १८४८ मध्ये मुंबईत उतरले होते. वर्षभरातच त्यांनी पगार सोडला आणि देशी वस्तीतल्या एका खोलीत राहू लागले. मराठी शिकून रस्त्यावर मराठीत बोलत. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र त्यांनी अनेक वर्षे चालवले. १८८८ मध्ये मुंबईतच वारले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. अपोलो बंदर भागातले बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचे. पगार न घेणाऱ्या माणसाला बदलीची भीती कसली? तरीही बोवेन त्या जोडणीच्या शिस्तीत स्वतःहून गेले, तिची पदे सांभाळली. हा माझ्या मते त्या व्यवस्थेला मिळालेला मोठा दाखला आहे.

टेलर यांच्या योजनेला मर्यादाही होती. इंग्रजी बोलणाऱ्या, नोकरदार मंडळीला स्वतःचा पाळक पोसणे जमले. खेड्यातल्या भूमिहीन, दलित मंडळीला ते कसे जमावे? काम मराठी आणि गुजराती मुलखात पसरू लागले तसा बाहेरचा पैसा आला, आणि त्याच्याबरोबर बाहेरचा अंकुशही आला. १८७६ मध्ये दक्षिण भारत परिषद झाली आणि १८९२ मध्ये तिच्यातून मुंबईची स्वतंत्र वार्षिक परिषद निघाली. शिडी पूर्ण झाली. फक्त तिच्या वरच्या पायरीवर अजून भारतीय माणूस नव्हता.

४

ती शिडी आजही बरीचशी तशीच आहे. खाली पाळक आणि त्याची मंडळी. वर्गणी, शिक्षण, इमारत यांसाठी तिच्या निवडलेल्या समित्या. काही मंडळ्या मिळून एक जिल्हा, त्यावर डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट. तो बिशपने नेमलेला पाळकच असतो आणि बिशपचे कान-डोळे म्हणून फिरतो. त्याच्या वर वर्षातून एकदा भरणारी प्रादेशिक परिषद, पाळक आणि प्रापंचिक प्रतिनिधींची. पाळकांची चौकशी, दीक्षा, निवृत्ती, हिशेब सारे इथे होते. शेवटी बिशप नेमणुका जाहीर करतात. सर्वांत वर चार वर्षांनी भरणारी सर्वसाधारण परिषद. नियमपुस्तक बदलण्याचा आणि बिशप निवडण्याचा अधिकार तिचा. बिशप तिथे अध्यक्षस्थानी बसतात, पण कायदा करणारे ते नव्हेत.

यात एक गोष्ट नव्या माणसाच्या सहज ध्यानात येत नाही, ती मालमत्तेची. वेस्लीच्या काळापासून प्रार्थनामंदिराच्या दस्तात एक कलम असे : ही जागा स्थानिक लोकांची नसून संपूर्ण जोडणीसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. गावातल्या चार श्रीमंतांनी चर्च बळकावू नये हा हेतू. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्या काँग्रिगेशनल परंपरेतल्या, तिथे नेमके उलटे. प्रत्येक मंडळी आपली मालक, पाळक ठेवणारी-काढणारीही तीच. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना नगरची ती मंडळी आणि मिशन यांचे वातावरण परिचित आहे. रेव्हरंड टिळक १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यांच्यापुढचाही प्रश्न हाच होता : भारतीय ख्रिस्ती माणूस परक्या संस्थेचा नोकर म्हणून किती दिवस राहणार?

विश्वस्ताच्या कलमाने गावातल्या चौघांपासून मालमत्ता वाचते. पण वरच्या चौघांपासून ती कोण वाचवणार? शहरात जमिनीला सोन्याचा भाव आला की हा प्रश्न प्रत्येक पंथात, प्रत्येक देवस्थानात उठतो. त्याचे उत्तर एकट्या नियमपुस्तकात नसते; हिशेब मागणारी माणसे खाली आहेत की नाहीत, यावर ते ठरते.

५

भारतात बिशप कोण हे ठरवण्याचा अधिकार अनेक वर्षे अमेरिकेतल्या परिषदेकडे होता. जेम्स थोबर्न १८८८ मध्ये तिथूनच निवडले गेले. भारतातल्या सर्व परिषदांची मिळून ‘केंद्रीय परिषद’ १८८५ पासून भरत होती, पण बिशप निवडण्याचा हक्क तिला १९२८ मध्ये मिळाला. तो तिने लगेच वापरला. १९३० मध्ये जशवंत राव चितंबर निवडले गेले, या चर्चचे पहिले भारतीय बिशप. आडनाव पाहून मी थबकलो. मराठी वंशाचे हे कुटुंब उत्तरेत स्थायिक झाले होते. चितंबरांचा जन्म अलाहाबादचा, आणि बिशप होण्यापूर्वी ते लखनौ ख्रिश्चन कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य होते. मराठी चरित्रकोशांत मी त्यांच्यासाठी पानभर जागा मागेन.

स्वातंत्र्यानंतर चर्चच्या एकीकरणाचे वारे वाहत होते. दक्षिणेत सप्टेंबर १९४७ मध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ झाले आणि तिथले ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट त्यात गेले. उत्तरेकडच्या वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल आले, बाप्टिस्ट आले, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट आले नाहीत. वर्षानुवर्षे चर्चेला बसल्यावर, त्याच वर्षी, अगदी शेवटच्या टप्प्यावर त्यांच्या केंद्रीय परिषदेने नकार दिला.

कारणे अनेक सांगितली जातात : बिशपपदाचा वेगळा अर्थ, मालमत्ता, अमेरिकेशी असलेले नाते, मोठ्या घरात आपली ओळख हरवण्याची भीती. मला यात कारभाराचा एक धागा दिसतो. ज्या चर्चमध्ये पाळक, सुपरिंटेंडेंट, बिशप आणि चार स्तरांच्या परिषदा एकमेकींत गुंफलेल्या आहेत, तिथून एक मंडळी सुटी होऊन दुसरीकडे जाऊ शकत नाही. गेले तर सगळे, राहिले तर सगळे. जोडणीची ताकद आणि जोडणीची अडचण एकच. नकार चूक की बरोबर, हे ठरवणारा मी कोण? पण तो नकार मतदानाने झाला, कोणाच्या पत्राने नव्हे, याची नोंद घ्यावी लागते.

पुढे ७ जानेवारी १९८१ रोजी मद्रास येथे ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ हे स्वायत्त चर्च झाले. त्याचे मध्यवर्ती कार्यालय मुंबई सेंट्रलजवळ वायएमसीए रोडवर आहे. आमच्या पश्चिम रेल्वेच्या हाकेच्या अंतरावर असूनही मी इतकी वर्षे त्या रस्त्याने गेलो नव्हतो.

६

आमच्या वसईच्या गावांचे धार्मिक पत्ते अनेकदा बदलले. कधी गोवा, कधी दमण, १९२८ पासून मुंबई, आणि १९९८ पासून वसईचा स्वतःचा धर्मप्रांत. हे निर्णय दूरवर, लिस्बन, गोवा आणि रोमला झाले. तरी आमची चर्च टिकली, भाषा टिकली, गाणी टिकली. तेव्हा वरून चाललेला कारभार नेहमी वाईटच, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आणि निवडणुका आल्या की गटबाजी येते, हेही माझा मेथडिस्ट सोबती न विचारता सांगतो.

पण २०२१ नंतर पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मग्रामांतून लोकांचे म्हणणे मागवले. आमच्याकडेही बैठक झाली. प्रश्न वाचून दाखवले गेले : चर्चमध्ये तुमचे ऐकले जाते का? तुम्हाला काय बदलावेसे वाटते? सभागृहात बराच वेळ शांतता होती. ओट्यावर तासन्‌तास बोलणारे आम्ही सगळे खाली पाहत होतो. मीसुद्धा. इतकी पुस्तके वाचून मला एक वाक्य उभे राहून बोलता आले नाही. शेवटी मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिने विचारले, ‘‘फादरांची बदली व्हायच्या आधी आम्हाला नुसतं सांगितलं तरी चालेल का?’’

हे मी सोबत्याला सांगितले. त्याला वाटले होते मी हसेन. मी हसलो नाही. तो थोडा वेळ बाहेर, नायगावच्या खाडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘आमच्याकडे विचारतात. पण आईला कधी कोणी विचारलं नव्हतं.’’

गाडी वसई रोडला लागली. पेट्यांचे पुढे काय झाले, असे मी त्याला विचारले. म्हणाला, ‘‘आहेत अजून. मुंबईत वीस वर्षं एकाच घरात राहतोय, पण त्या टाकवत नाहीत.’’